ओळख देणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
पत-नोंद विभाग,
मुख्य कार्यालय.

विषय : परदेशी खातेदाराचे थांबवलेले कार्ड सुरू करणे व ओळख देणारी दुसरी व्यक्ती म्हणून वडिलांना मान्यता मिळणे.

संदर्भ : "अर्जदाराच्या नावे कोणतीही नोंद आढळत नाही" हे आपले पत्र, आणि खिडकीवरील बाईंशी वेळोवेळी झालेले बोलणे.

महोदय,

अर्जदार ही दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कार्यशाळेत नोकरीस असून, शिंप्याच्या दुकानावरील एका खोलीत भाड्याने राहते. भाडे आगाऊ देते. आजवर तिने कोणाची एक पैही थकवलेली नाही. ही गोष्ट तिच्या बाजूची आहे अशी तिची समजूत होती.

गेल्या हिवाळ्यात अर्जदाराची आई वारली. रजा मंजूर होऊन ती मायदेशी पोहोचेपर्यंत सगळे उरकले होते. वडिलांना घरातले अण्णा म्हणत. आता तसे म्हणणारी एकटी अर्जदार उरली आहे. त्यांना इकडे आणायचे तर गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. म्हणून तिने तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा शोधली. घरमालकीणबाईंना अर्जदार पसंत पडली, परंतु त्यांच्या दलालाने पत-दाखला मागितला आणि आपल्या कार्यालयाने वरील उत्तर दिले. ते फोनवर ऐकून अण्णा म्हणाले, "अगं, पण आपण कधी कुणाचं कर्ज काढलंच नाही!" अर्जदार म्हणाली, "तेच तर नडलं, अण्णा."

आपल्या खिडकीवरील बाईंनी सल्ला दिला की ठेव ठेवून कार्ड घ्यावे, थोडेथोडे खर्चावे आणि वेळच्या वेळी फेडावे. अर्जदाराने तसेच केले. पाव, साबण, बसचा पास. पुन्हा पाव, साबण, बसचा पास. काही महिन्यांनी कार्ड अचानक बंद पडले. विचारणा करता आपल्या तपासनीसांनी फोनवर सांगितले की व्यवहार संशयास्पद वाटतात, तेच दुकान, तोच वार, त्याच वस्तू, "असं कुणी जगत नाही हो." अर्जदाराने नम्रपणे कळवले की ती जगते.

कार्ड तात्पुरते सुरू झाले, खर्चात विविधता आणावी या अटीवर. त्यानुसार अर्जदार एका चांगल्या हॉटेलात जेवायला गेली. वाढप्याने विचारले, "बरोबरचे यायचेत का?" तिच्या तोंडून "हो" निघून गेले. त्याने समोर दुसरे ताट मांडले आणि बिल होईपर्यंत उचलले नाही. आपल्या नोंदीत ते जेवण एकाचेच दिसेल, ते बरोबर आहे.

पुढच्या खेपेस तिने केक विकत घेतला. एवढा एकटीने संपणार नाही म्हणून कामावर नेला. सगळ्यांना वाटले, तिचा वाढदिवस आहे. ते गाऊ लागले तेव्हा खुलासा करणे तिच्याच्याने झाले नाही. ही माहिती तिने आपल्यापासून लपवू नये असे तिला वाटते, कारण तिची जन्मतारीख आपल्या दप्तरी वेगळी आहे.

एवढे होऊन, केकच्या खरेदीमुळेच कार्ड पुन्हा थांबवण्यात आले. नेहमीच्या खर्चाशी ती जुळत नाही, असे कारण मिळाले. आता ते सुरू होण्यासाठी अर्जदाराला जवळून ओळखणाऱ्या दोन व्यक्तींच्या सह्या हव्या आहेत. शेजारच्या टेबलावर कवळ्यांचे दात घासूनपुसून चकचकीत करणाऱ्या सहकाऱ्याला तिने विचारले. तो ओशाळून म्हणाला, "इतके दिवस शेजारी बसतेस, आणि मला तुझं नावसुद्धा धड म्हणता येत नाही." मग त्याने ते तिच्याकडून म्हणवून घेतले, दोनतीनदा चुकला, आणि सही केली.

दुसरी व्यक्ती या गावात नाही. अर्जदाराने प्रामाणिकपणे आठवून पाहिले. शिंपी तिला पावलांच्या आवाजावरून ओळखतो, चेहऱ्याने नाही. बसचालक मान हलवतो, पण सगळ्यांनाच हलवतो.

तरी विनंती की दुसऱ्या रकान्यात अण्णांचे नाव मान्य करावे. ते अनिवासी आहेत, परदेशी आहेत, आणि आपल्याकडे त्यांचीही पत नाही, हे अर्जदारास मान्य आहे. मात्र अर्जदारास ते जन्मापासून ओळखतात. घरमालकीणबाईंनी दलालाचे न ऐकता जागा महिनाअखेरपर्यंत अडवून ठेवली आहे, म्हणून निर्णय लवकर व्हावा.

खात्री करण्यासाठी अण्णांना कधीही फोन करावा. ते लगेच उचलतील. हल्ली ते फोनपाशीच बसतात. त्यांना आपली भाषा येत नाही. परंतु अर्जदाराचे नाव घेतल्यावर ते बोलू लागतील. त्यांचे बोलून होईपर्यंत कृपया फोन ठेवू नये.

कळावे,

आपली नम्र,
(सही)
अर्जदार व खातेदार

दिनांक : चालू महिन्याची बारा

सोबत : १. सहकाऱ्याची सही. २. केकची पावती. ३. अण्णांचा फोन क्रमांक, मोठ्या अक्षरात.