पुढच्या चाकाचं कापड

माघ वद्य नवमी, गुरुवार.

आत्याबाई,

आज तुमचं श्राद्ध झालं. पहाटे पाणी भरलं, अंगण सारवलं, खीर-वडे केले. जेवायला यांच्या कचेरीतले एक जुने सोबती होते. दोघांची पानं उठल्यावर हे सायकल घेऊन विंझरला गेले. शेताचा बांध बघून उद्या येतो म्हणाले. मी जेवले. आता दुपार कलली आहे. मुलीची लग्नाआधीची एक वही कपाटात होती, तिची मागची पानं कोरी आहेत, त्यावर लिहिते आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि तुम्ही असताना मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले. तरी आज लिहावंसं वाटलं, कारण जेवताना पुन्हा तीच गोष्ट निघाली. सोबत्यांनी विचारलं, "तुमच्या त्या बंद चाकाच्या सायकलीचं भोरात नाव झालं होतं म्हणे, ते काय होतं हो?" आणि हे नेहमीप्रमाणे म्हणाले, "ती अक्कल आमच्या आईची. आईचं सूप बघून सुचलं मला." मी वाढत होते. मी यांच्या पानात आणखी एक वडा घातला.

ते सूप कोणाच्या हातात होतं, हे मला सांगायचं आहे. माझ्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं. यांनी धरणाच्या कामावरून परत जाणाऱ्या एका मिस्त्रीकडून जुनी सायकल घेतली होती आणि विंझर ते नसरापूर तिच्यावरूनच जाणं-येणं चालायचं. संस्थानच्या कचेरीला सायकलवरून टपाल नेणारे दोन शिपाई हवे होते. चैत्रातल्या उत्सवात नसरापूर ते भोर अशी सायकलींची शर्यत ठेवली होती आणि पहिल्या येणाऱ्या दोघांना ती नोकरी मिळणार होती. नोकरी म्हणजे भोर, आणि भोर म्हणजे माझं माहेर, वेगळी खोली, माझी चूल. हे मी कोणापाशी बोलले नाही. पण रोज तेवढंच मनात असायचं. एका संध्याकाळी मी अंगणात नाचणी पाखडत होते. हे दमून आले आणि ओसरीवर बसून म्हणाले, "वारं नुसतं चाकात अडकतंय. तारा शिट्ट्या मारत्यात." मी सूप उभं केलं होतं. म्हटलं, "सूप आडवं वाऱ्यापुढं धरलं तर हात ओढला जातो. धारेनं धरलं तर वारा दोन्हीकडून निसटून जातो. चाकाच्या तारा झाकल्या तर तेही सुपासारखं होईल." हे चाकाकडे बघत राहिले. तुम्ही गोठ्याच्या दारात धार काढून उभ्या होतात.

रात्री जेवताना हे तुम्हाला म्हणाले, "आये, तुझं सूप बघून डोकं चाललं बघ माझं." आणि मी सांगितलेलं सगळं जसंच्या तसं तुम्हाला सांगितलं. मी चुलीशी होते. मला वाटलं, आता म्हणतील की ही म्हणाली. तसं म्हणाले नाहीत. खोटं बोलत होते असंही नाही. त्यांच्या मनात ते खरंच तसं बसलं होतं. तुम्ही हसलात. "माझं सूप कुठलं रं? ते तर दिवसभर हिच्याच हातात असतंय." मला वाटलं, पाखडायला वेळ लावते म्हणून टोमणा मारला. मी भाकरी उलटली.

मग ती चाकांची कापडं करायला घेतली. मला अजून विंझरच्या घराचा तो सोपा डोळ्यांपुढे दिसतो. बांबूच्या कामट्या पाण्यात भिजत पडल्या आहेत, हे त्या वाकवून कडी बांधताहेत. ब्रेकचं रबर अडू नये म्हणून कडं रिमपेक्षा दोन बोटं लहान. तुम्ही सासऱ्यांचं धोतर काढता, धुऊन धुऊन जाळीसारखं विरलेलं. मी माझ्या ट्रंकेतून वडिलांचं जुनं मलमलीचं पागोटं काढते, ते मुठीत मावतं. तुम्ही ते बोटांत धरून बघता. मग म्हणता, "मागचं चाक मी घेती. साखळीकडची बाजू लई नाजूक, जरा ढिलं राहिलं तर साखळी ओढून न्हील. तू फुडचं कर." मला राग येतो. अवघड ते तुमचं, सोपं ते माझं. तुमचा मुलगा तुमच्याच बाजूला बसून कडी धरतो. माझ्याकडे कोणी कडं धरायला नाही, मी पायाच्या अंगठ्यात धरून शिवते. तुम्ही मधूनच वाकून बघता. "टाका लांब पडतोय, सूनबाई." मी म्हणते, "वारा काय टाके मोजणार आहे?" तुम्ही म्हणता, "वारं न्हाई मोजत. म्या मोजते." हे हसतात. मी सगळी शिवण उसवून पुन्हा घालते, तुमच्यापेक्षा बारीक.

खळसुद्धा दोघींची वेगळी झाली. तुम्ही चिंचोके भाजून, कुटून, शिजवून खळ केलीत. मी आमच्या भोरच्या पद्धतीनं गव्हाच्या पिठाची केली. ओलं कापड कड्यावर ताणून उन्हात ठेवलं की वाळताना आपोआप तट्ट व्हायचं, टिचकी मारली की हलगीसारखं वाजायचं. माझं तुमच्यापेक्षा हलकं झालं होतं, आणि पांढरंशुभ्र. हे मीच हातात धरून तोलून बघितलं, दुसऱ्या कोणी बघितलं नाही. चाकांच्या दोन्ही बाजूंना कापडं बसवून तारांना दोऱ्यांनी बांधली आणि हे वेशीपर्यंत चक्कर मारून आले. शिट्टी थांबली होती. उतरल्यावर यांनी मागच्या चाकावर थाप मारली. मागच्या.

शर्यतीच्या आदल्या दिवशी आपण दोघी बैलगाडीनं भोरला माझ्या माहेरी आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी बायका बसल्या होत्या तिथं आपण जाऊन बसलो. ऊन होतं आणि पश्चिमेचा वारा सुटला होता. तुम्ही पदर धरून बसला होतात. तुमचे ओठ हलत होते, नवस बोलत असाल. मी मनात खोली लावत होते, चूल कुठं, मांडणी कुठं. पहिला सायकलवाला कोणीतरी दुसराच आला. मग धुळीतून हे आले. दुसरे. नोकरी मिळाली होती. आणि मी काय बघितलं, तर पुढच्या चाकाच्या तारा उघड्या होत्या. मागचं कापड गरगर फिरत होतं, तुमचं.

हे धापा टाकत आले आणि तुमच्या पाया पडले. मी विचारलं नाही. तुम्हीच विचारलंत, "फुडचं कुठं गेलं रं?" हे म्हणाले, "नदीच्या वळणावर वारं आडवं लागलं. पुढचं चाक पानासारखं वळतंय, हँडल हातात राहीना, एकदा खड्ड्यातच गेलो असतो. उतरलो, दोऱ्या दातांनी तोडल्या, बाभळीवर टाकलं आणि निघालो. मागच्याला काय होत न्हाई, ते वळतच न्हाई ना." यात चूक कुणाचीच नव्हती, हे मला तेव्हाही कळलं. पुढचं चाक कोणीही शिवलं असतं तरी तेच काढावं लागलं असतं. पण ते कळून उपयोग झाला नाही. नवऱ्याला दोन चाकं, एक आईचं, एक बायकोचं. वारं आलं तेव्हा बायकोचं काढून टाकलं. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही हात दाबून चालतो आहे.

परत जाताना त्या वळणावर तुम्ही गाडी थांबवलीत आणि एकट्या उतरलात. बाभळीखाली कोणाची तरी म्हैस उभी होती. पिठाच्या खळीमुळे तिनं माझं कापड चघळून संपवलं होतं. तुम्ही नुसती कडी घेऊन आलात, काठाला चिंध्या लोंबत होत्या. "म्हशीला ग्वाड लागलं बघ तुझं. कडी चांगल्यात, ठेव." गाडीवान हसला. मी कडी मांडीवर घेतली आणि विंझर येईपर्यंत बैलांकडे बघत राहिले.

आम्ही भोरला आलो. यांनी तुम्हाला किती विनवलं. "म्या हितंच बरी," एवढंच म्हणालात. माझ्याकडे बघितलंत, मी काही आग्रह केला नाही. मग दर रविवारी हे सायकलनं तुमच्याकडे. सकाळी जायचे, दिवे लागता यायचे. त्या मागच्या चाकाचं कापड फाटलं तर तुमच्याकडूनच ठिगळ लावून आणायचे. मी एकदा म्हटलं, "मी लावते की." तर म्हणाले, "असू दे, आईला तेवढंच बरं वाटतं." मला काय वाटतं, ते विचारायचं राहिलं. तुम्ही त्याच वर्षीच्या थंडीत तापानं गेलात तेव्हा मी रडले, ते खोटं नव्हतं. पण रडताना मनात आलं होतं की आता रविवारी हे घरी असतील. तसंही झालं नाही. हे अजूनही जातात. संस्थान गेलं, कचेरी गेली, हे मामलेदाराकडे शिपाई झाले, पण विंझरला जाणं काही सुटलं नाही.

तुमच्या तेराव्याला शेजारची तुमची मैत्रीण माझ्याजवळ येऊन बसली. मी पत्रावळी मोजत होते. ती हळूच म्हणाली, "तुझी सासू सांगायची मला. चाक बंद करायची अक्कल सुनेची हाय म्हनायची. गोठ्याच्या दारातनं म्या सोता ऐकलं म्हनायची." मी विचारलं, "मग यांना का नाही सांगितलं?" ती म्हणाली, "म्या बी हेच इचारलं. तर म्हनली, त्याला वाटू दे आईचं. पोरगं तर आता तिच्याच घरी चाललंय. एवढं एक राहू दे माझ्याकडं."

त्या दिवसापासून मी तुमच्यावर नीट रागावूसुद्धा शकत नाही, आणि तेही मला आवडत नाही. मला वाटायचं, जळणारी मी एकटीच आहे. तुम्ही सोप्यात माझ्यासमोर बसून सासऱ्यांचं धोतर शिवत होतात ते तुमच्या मुलाला माझ्या घरी पोचवायला, आणि टाके मोजत होतात. तुम्हाला सगळं ठाऊक होतं. माझी गोष्ट उचलून तुम्ही पदराखाली ठेवलीत, आणि एवढं करून जगाला सांगितलंत की ती सुनेची आहे. चोरी पण तुमची, मोठेपणा पण तुमचा. मला काय ठेवलंत?

आज पानावर यांनी ते म्हटलं तेव्हा सांगायला हरकत नव्हती. बाहेरचा माणूस होता, हसण्यावारी गेलं असतं. मी गप्प राहिले. सोबती म्हणाले, "वहिनी फार शांत." तुमची एवढी एक ठेव राहावी म्हणून मी गप्प बसते, असं म्हणता आलं असतं, पण ते खरं नाही. मी यांना सांगेन, हे ऐकून घेतील, थोडा विचार करतील आणि म्हणतील, "न्हाई गं, आईचंच ते." मग माझ्याकडे काहीच उरणार नाही. न सांगता ते माझं आहे. एवढ्यासाठीच गप्प राहते. हे तुम्हालाही सांगितलं नसतं, पण हे लिहिलेलं काही तुमच्यापर्यंत पोचायचं नाही.

ऊन ओट्यावरून खाली गेलं. मागच्या दारी खिरीचं पातेलं भिजत पडलंय, बुडाला खीर लागली होती. राख घेऊन ते घासायला बसते.