नव्या रसवंतीचा जुना बोर्ड

सोपानराव, मुक्काम सांगवी, यांस इंदापूरहून दोस्त गुलजारचा सलाम आणि रामराम, दोन्ही घ्यावेत. गुडघा काय म्हणतोय? वैनींच्या लोणच्याची बरणी माझ्याकडंच हाय. रिकामी कशी पाठवायची म्हणून थांबलोय (भरून पाठवायला आमच्याकडं काय न्हाय).

हितं सगळं खुशाल. म्हंजे परवा सकाळपर्यंत न्हवतं. ड्रायव्हरकी सोडून, बायकोच्या पाटल्या मोडून हायवेला रसवंती टाकली, हे तुला म्हाईत हायच. न्हाय चालली तर घरात तोंड दाखवायची सोय न्हाय. बोर्डाचं काम आमच्या अल्फियाकडं. पोरगी पुण्यात अक्षरं काढायला शिकती (व्हय, कॉलेजात, पहिलीत शिकली तेवढ्यानं भागलं न्हाय). उद्घाटनाच्या सकाळी बोर्ड आला आन् माझं टाळकंच सटकलं. अक्षरं जाडजूड, पण अंग चोरून एकमेकांना चिकटलेली. कडा उंदरानं कुरतडल्यागत, मधीच शाई उडालेली. मी ओलं फडकं घेऊन पुसत बसलो, डाग निघंनात! पोरगी म्हणती, अब्बा, अक्षरं मुद्दाम झिजवलीत, हा जुन्या छापखान्यातला टाइप हाय, कुस्तीच्या पोस्टरावर असायचा तसा. म्हटलं, बये, दुकान नवं, मशीन नवं, आन् बोर्ड काय भंगारातला? पण पाहुणे दारात आलेले, तसाच टांगला.

तर काय सांगू! पहिलंच गिऱ्हाईक बावड्याचे एक तात्या. बोर्डाकडं बघत बसले आन् म्हणाले, लहानपणी हितंच रस प्यायचो (दुकान उघडून तास झाला न्हवता). मागनं एक ट्रकवाला म्हणाला, चव अजून तीच हाय. दुपारपर्यंत बाकड्यावर जागा न्हाय. पूर्वी रसात आलं जास्त असायचं का कमी, यावरनं दोघं भांडले पण. शेवटी मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर तात्यांनी माझा हात धरला. "तुझा बाप लई देवमाणूस होता." सोपान्या, माझ्या बापानं जन्मात रस इकला न्हाय, पण देवमाणूस होता हे खरंच की रं! डोळं भरलं माझं. तात्यांना अजून एक गिलास दिला.

तुझाच,
गुलजार

ता. क. : दुकान काढणाऱ्या थोरल्यांचा फोटो कुठाय, असं गिऱ्हाईकं इचारत्यात. आमच्या अब्बांनी कधी फोटो काढूच दिला न्हाय. तुझ्या आज्याचा तो फेट्यातला, मिशीवाला पाठवून दे. पत्र त्यासाठीच लिवलंय.

आणखी ता. क. : तो सापडंना तर तुझाच पाठव. झिजवायला अल्फिया हाय.