पलीकडचा गोलकीपर

प्रिय धाकट्या,

हे पत्र तुझ्या बनियनांच्या घडीत सापडलं म्हणून घाबरू नकोस. शिबिरात तुम्हा सगळ्यांचे फोन काढून घेतलेत, रविवारच्या मॅचपर्यंत घरच्यांशीही बोलायचं नाही, असं तुझ्या बायकोनं सांगितलं. पण धुतलेल्या कपड्यांची पिशवी तेवढी आत जाते म्हणे. आपले शेजारी अजून भाजीचा ट्रक घेऊन पूल ओलांडतात, त्यांच्याकडे हे देतेय, तेच तिला पोचवतील. आम्ही बरे आहोत. म्हणजे हातीपायी धड आहोत.

इथे सध्या मॅचशिवाय दुसरा विषय नाही. बसवाल्यांनी आरशांना झेंडे बांधलेत, त्यामुळे त्यांना मागचं काही दिसत नाही. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरनं पाटी लावलीय, ‘पलीकडच्यांचे दात मोफत पाडून मिळतील’. मी त्याच्याकडे दाढ दाखवायला गेले होते, ती तशीच घेऊन परत आले. जिंकेल तो विश्वचषकाला जाणार, हरेल तो चार वर्षं घरी बसणार, एवढाच खरा हिशेब. पण मागच्या वेळच्या त्या पेनल्टीवरून ज्या बस फोडल्या गेल्या, त्या कुणी विसरलेलं नाही, ना इकडे, ना तिकडे. आठवतं ना, आपण चपला घ्यायला पलीकडे जायचो आणि जेवायच्या आत परत यायचो? आता त्याच पुलावर पासपोर्टची रांग लागते आणि मॅचच्या आदल्या दिवशी तीही बंद होणार, असं ऐकते.

आणि या सगळ्याच्या मधोमध तू. लोक असे बोलतात, जणू तू इथून काही चोरून नेलंस. तुला इथल्या निवड समितीनं भिंतीला टेकवून मापलं, उंची कमी म्हणून घरी पाठवलं, पुढच्या वर्षी पुन्हा मापलं, पुन्हा पाठवलं, हे कुणाच्या लक्षात नाही. माझ्या आहे. तू भिंतीकडे तोंड करून पडून राहायचास आणि आई ताट घेऊन दारात उभी असायची. मग पलीकडच्या क्लबनं तुला घेतलं, तिथेच तुझा संसार झाला, त्यांचा पासपोर्ट झाला. तू पहिल्यांदा त्यांचा शर्ट घालून टीव्हीवर दिसलास तेव्हा आई एवढंच म्हणाली होती, “हा रंग याला बरा दिसतो गं.” आता आपल्या गल्लीत भिंतीवर कुणीतरी ‘फितुराचं घर’ असं रंगवून बाण काढलाय. बाण नेमका चुकीच्या घराकडे आहे. ते बिचारे निवृत्त पोस्टमास्तर रोज चहा घेऊन बाहेर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, “नाही हो, मला तर चेंडू लाथाडताही येत नाही.” पण बाण पुसत नाहीत. का पुसत नाहीत, ते मला कळतं, म्हणून मी त्यांच्यासमोरून मान खाली घालून जाते.

तुझ्या भाच्याबद्दल मी फोनवर नेहमी ‘मजेत आहे’ म्हणत आले. तो मजेत नव्हता. तुमच्या दोघांच्या उड्यांनी माझी गादी फाटली होती ती आठव. तू त्याला पडायचं कसं ते शिकवत होतास, आधी खांदा, मग कंबर, हात शेवटपर्यंत चेंडूवर. त्याच उड्यांवर तो कॉलेजच्या संघात आला. या मॅचची तारीख ठरली आणि त्याच आठवड्यात त्याला संघातून काढलं. कारण कुणी सांगितलं नाही. मग तो ओठ फुटून घरी आला. जिन्यावरून पडलो म्हणाला. जिन्यावरून पडलेल्या माणसाच्या शर्टवर पाठीमागे बुटाचा ठसा नसतो. मी शर्ट भिजत घातला. त्याचे वडील असते तर त्यांनी काय केलं असतं, हा विचार मी तेव्हा पुष्कळ केला.

मग महिनाभरापूर्वी तो एकदम बदलला. गळ्यात आपल्या संघाचा मफलर आला. उत्तरेच्या गोलमागे उभे राहून जे सगळ्यात जास्त ओरडतात, त्या टोळक्यात त्याची ऊठबस सुरू झाली. घरी शीळ घालत यायला लागला, दोनदा मागून जेवला. मला बरंच वाटलं रे. म्हटलं, चला, पोरगं माणसांत आलं.

आमच्या शिलाईच्या दुकानात या दिवसांत झेंड्यांचंच काम असतं. मास्तरांनी एक मोठी ऑर्डर घेतली, सगळं राखाडी कापड. तुकडे कापूनच आले होते. माझ्याकडे एक लांबच लांब पट्टी आली, एका टोकाला निमुळती. मी मशीनवर बसल्या बसल्या विचारलं, “मास्तर, हे काय, शाळेच्या नाटकाचं आहे का?” ते नुसते हसले. पट्टी शिवून झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे तुकडे मागच्या गोदामात जमिनीवर पसरले, जोडायचं कुठे ते बघायला. तेव्हा ते मला पुरतं दिसलं. एवढा मोठा उंदीर, गोलच्या खांबामागे अंग चोरून बसलेला. त्याच्या पंजांत गोलकीपरचे हातमोजे, तुमच्या संघाच्या रंगाचे. खाली हातभर अक्षरं चिकटवायची होती, ती माझ्याबरोबर शिवणाऱ्या बाईंनी एकेक करून मांडली: उं, द, रू.

मी तिथेच कापडाच्या गठ्ठ्यावर बसले.

बाबांचा आवाज चढला की तू कपाटाच्या खालच्या कप्प्यात जाऊन बसायचास. ते बाहेर निघून गेले की आई दार उघडून म्हणायची, “ये रे माझ्या उंदरू, गेले ते.” हे नाव घराबाहेर कधी गेलं नाही. शेवटी इस्पितळात तिला माझी ओळख पटत नव्हती, पण तुला ती त्याच नावानं हाक मारत होती आणि तू सहा फुटांना थोडासाच कमी असलेला गडी, तिच्या खाटेशी गुडघे पोटाशी घेऊन बसला होतास. आई गेली. हे नाव तुला माहीत, मला माहीत आणि एकदा हसता हसता मी ज्याला सांगितलं त्याला.

घरी आले तेव्हा तो आरशासमोर मफलर बांधत होता. मी फक्त एवढंच म्हटलं, “शेपूट मी शिवलंय.” त्यानं खोटं बोलायचा प्रयत्नच केला नाही. खाली बसला. म्हणाला, “आई, ते मला विचारत होते, तू नक्की कुणाचा? मला काहीतरी द्यायलाच लागणार होतं. दुसरं होतं काय माझ्याकडे?” मी हात उचलला आणि तसाच खाली घेतला. एकोणीस वर्षांचा घोडा आहे, पण त्या वेळी तो एवढासा दिसत होता. मी म्हटलं, रविवारी जाऊ नकोस. तर म्हणाला, “ते कापड वर ओढायचा समोरचा दोर माझ्या हातात दिलाय. गेलो नाही तर ते इथे येतील. पोस्टमास्तरांकडे नाही, इथे.”

मी करता येईल ते केलं. मास्तरांना म्हटलं, मी हे पुढे शिवणार नाही. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. म्हणाले, “तू घरी जा, मी उरलेलं करतो. पण मी नाही म्हटलं तर समोरचा करेल आणि वर माझी काच फुटेल.” पोलीस चौकीत गेले. साहेबांनी मला पाणी दिलं, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाई, कापडावर उंदीर काढणं हा गुन्हा नाही हो.” त्यांच्या टेबलावरही छोटा झेंडा होता.

म्हणजे रविवारी, इथल्या मैदानावर तू उत्तरेच्या गोलमध्ये उभा राहशील तेव्हा, तुझ्या पाठीमागून हजारो गळे ते नाव घेतील. तुला वाटेल, ते तुला आधी माझ्याकडून कळावं म्हणून मी लिहितेय. ते खरं आहे, पण सगळं खरं नाही. परवा तो जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, “जिंकलो तर मी त्यांच्यातला. हरलो तर मी मामाचा भाचा.” आणि तो उभा असणार त्यांच्या अगदी मधोमध, बाहेर पडायला वाट नसलेल्या जागी. धाकट्या, मी हा कागद समोर घेतला तो तुला एक चेंडू सोड म्हणायला. आयुष्यात एकदाच, एकच. सकाळपासून बसलेय. भिंतीला टेकवून तुला मापत होते ते मला दिसतं, आणि ते वाक्य लिहवत नाही. ते न लिहिता राहवतही नाही. म्हणून लिहिलं आणि खोडत नाही, पण मागतही नाही. तू तुझं खेळ. मी आत येणार नाही, उत्तरेच्या फाटकाबाहेर त्याची वाट बघत उभी राहीन. आत काय झालं ते मला आवाजावरूनच कळेल. कोणता आवाज यावा म्हणून देवाजवळ मागायचं, ते तेवढं मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुझीच,
ताई