वैशाखातला नाताळ मंजूर होणेबाबत

प्रति,
मा. सहायक पोलीस निरीक्षक साहेब,
पोलीस ठाणे, खांडवाडी, जि. बीड

अर्जदार : शहादेव शमुवेल पाटोळे, वय ६९, सेवक, सर्व संत ख्रिस्तमंदिर, मौजे चिंचखांड

विषय : शनिवार दि. ३ मे २०२५ रोजी नाताळ साजरा करण्यास व लाउडस्पीकर लावण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. ११ नोव्हेंबरचा अर्ज. २) आपल्या कार्यालयाने तो अर्ज दुरुस्त करून दिलेली परवानगी.

महोदय,

विषय वाचून आपण हसाल, हे अर्जदार धरूनच चालला आहे. आपले कारकूनसाहेब आधीच हसले आहेत. तरी कृपया पुढे वाचावे.

१) माळावरचे हे दगडी देऊळ गोऱ्या मिशनऱ्यांच्या काळचे. अर्जदाराचे वडील त्याची घंटा वाजवीत, आता अर्जदार वाजवतो. मंडळी साठ-पासष्ट. पैकी धडधाकट तेवढी सगळी दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, परततात. डिसेंबरात देवळाच्या पायरीवरून पाहिले तर दारोदार कुलपे, आणि पुढे सिंदफणा नदीपर्यंत नुसत्या बाभळी व मोर. सबब वडिलांच्या काळापासून येथे नाताळ मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी होतो. पाळकसाहेबांकडे नऊ गावे आहेत, ते आमच्यासाठी तोच दिवस राखतात. यावर मंडळीतील ज्येष्ठ भगिनी भामाबाई यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत : "येशू जलमला तवा आमी फडात होतो. आमाला कुनी कळीवलंच न्हाई, त्याला आमी काय करावं?"

२) सरकारी कामास वेळ लागतो म्हणून अर्जदाराने सहा महिने आधीच ३ मेची परवानगी मागितली. इथेच घोळ झाला. कारकूनसाहेबांना वाटले, म्हातारा तारीख चुकला. त्यांनी मोठ्या मनाने ३ मे खोडून २५ डिसेंबर केले व शिक्का मारला. अर्जदाराजवळ चष्मा नव्हता. त्याने कागद डोळ्यांना लावून खिशात ठेवला.

३) २५ डिसेंबरला सकाळीच गाडी आली. हवालदार बबनराव व दोन होमगार्ड बंदोबस्ताला. देवळात अर्जदार, भामाबाई आणि भामाबाईंची शेळी. बबनराव म्हणाले, "काका, गर्दी कुठं हाय?" अर्जदार म्हणाला, "फडात गेलती, आजून आली न्हाई." वरून गर्दीचा फोटो मागितलेला, म्हणून तिघेही टोप्या काढून बाकांवर बसले. भामाबाईंनी एका होमगार्डाच्या डोक्यावर ओढणी टाकून त्याला बायकांच्या बाजूला बसविले. अर्जदाराने एक गीत म्हटले, ते तिघांनी निमूट ऐकून घेतले, त्याबद्दल त्यांचे आभार. अहवालात "कार्यक्रम शांततेत पार पडला" असे लिहिले आहे. त्यात खोटे काहीच नाही.

४) आता पुन्हा ३ मेची परवानगी मागितली असता कारकूनसाहेब म्हणतात, यंदाचा नाताळ तुम्हाला दिला, तो झाल्याची नोंद आहे, दुसरा मिळणार नाही. हवा असेल तर तारखेचा पुरावा आणा. पाळकसाहेबांनी लिहून दिले की, खरी तारीख कोणालाच ठाऊक नाही. त्यावर कारकूनसाहेबांनी येशूचा जन्मदाखला मागितला. बेथलेहेम तालुक्याबाहेर असल्याने तो आणणे अर्जदारास जमलेले नाही.

५) साहेब, हे हसण्यावारी नेऊ नये. अर्जदाराची नात रूथ पाच वर्षांची आहे. तिने सगळा हंगाम आईबापाबरोबर फडातल्या खोपीत काढला आणि तिथेच नाताळच्या नाटकातले देवदूताचे वाक्य पाठ केले. एकच वाक्य आहे, पण फोनवर ती ते रोज म्हणून दाखवायची. आता ती घरी आली आहे आणि उठल्या उठल्या विचारते, "आजा, नाताळ कवा हाय?" तुझा नाताळ पोलिसांनी करून टाकला, असे तिला सांगण्याची अर्जदाराची छाती होत नाही. हे त्याला फार लागते.

६) सबब नम्र विनंती की, ३ मे मंजूर व्हावा. ते नियमात बसत नसेल आणि नाताळ २५ डिसेंबरलाच झाला पाहिजे असा आपला आग्रह असेल, तर त्यासही अर्जदाराची हरकत नाही. मग त्या दिवशी आमची सगळी माणसे गावात राहतील, असा हुकूम आपण मुकादमांना व कारखान्यांना काढावा. दोन्हींपैकी जे आपल्या हातात असेल, तेवढे द्यावे.

आपल्या शिक्क्याची वाट पाहणारा,
शहादेव शमुवेल पाटोळे
चिंचखांड, दि. २१ एप्रिल २०२५

सोबत : १) पाळकसाहेबांचे पत्र. २) घरी परतलेल्या त्रेसष्ट माणसांची यादी, सह्या व अंगठ्यांसह.