नव्या डिस्ट्रिब्युटरातला रोटर

अण्णा, तुमच्या गाडीचे ठिणगी पाडणारे पॉइंट काढून टाकले. शिव्या द्यायच्या तर द्या. वडवणीच्या मिस्त्रीनं पॉइंटसकट आख्खा जुना डिस्ट्रिब्युटर उतरवून इलेक्ट्रॉनिक बसवला. आता पॉइंट घासणं नाही, काडीपेटीचा पुठ्ठा घालून, एक डोळा मिटून गॅप बघणं नाही. अर्ध्या चावीत गाडी सुरू होते. पॉइंट सारखे जळतात म्हणून बदलले, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मला वाटलं, नव्यात रोटर नसतो. मिस्त्रीनं टोपण उघडून दाखवलं, तर आत बसलेलाच, बोटाच्या पेराएवढा. म्हटलं, "आता हा कशाला हाय?" तो हसला. "साहेब, चार प्लगला करंट वाटून द्यायला कुणीतरी लागतंच की." मी तिथंच पायरीवर बसलो. हसावं का रडावं, कळेना.

गाडी दारात लागली की तुम्ही टोपण काढायचात आणि रोटर सदऱ्याच्या खिशात टाकायचात. तो नसला की गाडी जागची हलत नाही. आईला तुम्ही सांगितलेलं, "चोरांचा लई सुळसुळाट झालाय." पण हे कधी सुरू झालं, ते मला पक्कं ठाऊक आहे. मित्राच्या लग्नाला मी न विचारता गाडी आष्टीला नेली आणि पुढचा दिवा फोडून आणला. तुम्ही दिव्याकडं बघितलंत, माझ्याकडं नाही. "जेवलास का?" एवढंच विचारलंत. दुसऱ्या दिवसापासून रोटर खिशात. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं, आजही वाटतं.

मग ती दुपार. तुमच्या छातीत कळ आलेली, घामानं अंग निथळतंय. तुम्हाला मागच्या सीटवर आडवं केलंय, मी चावी फिरवतोय आणि गाडी नुसती घरघर करतेय. टोपण उघडलं, आत रोटर नाही. धावत येऊन तुमचा खिसा चाचपतो, खिसा रिकामा. तुम्हाला बोलता येत नव्हतं, सारखा हात छातीवर नेत होतात. मला वाटलं, दुखतंय म्हणून. दवाखान्यात चार लोकांत जायचं, म्हणून आईनं तुमचा ओला सदरा बदलून इस्त्रीचा घातला होता. हे मला तेव्हा का सुचलं नाही? शेजाऱ्यांचा टेम्पो शेतातून येईस्तोवर अर्धा तास गेला. अंबाजोगाईला पोचलो तेव्हा तुम्ही नव्हतात. त्या अर्ध्या तासानं काय फरक पडला असता, ते मी डॉक्टरला विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी बादलीतला सदरा पिळताना आईच्या हाताला रोटर लागला. "हे काय हाय रे?" मी म्हटलं, "टाक बाजूला, गाडीचं हाय."

वीस वर्षं होत आली, अण्णा, तरी माझा हिशेब लागत नाही. चूक माझी, का तुमची, का त्या इस्त्रीच्या सदऱ्याची? कधी तुमचाच राग येतो. एकदा तोंडावर म्हणायचं होतं ना, की पोरा, तुझा भरवसा नाही. मग वाटतं, म्हणाला असतात तरी मी ऐकलं असतं का?

आई आता थकलीय. दिवेलागणीला गाडीचा आवाज आला की आतून विचारते, "रोटर काढलास का बाळा? चोराचा काय नेम न्हाई." मी म्हणतो, "काढला." काढत नाही. तुम्ही गेल्यापासून एकदाही काढला नाही. नव्यात रोटर नसता तर हे रोजचं खोटं तरी सुटलं असतं, म्हणून तर एवढा खटाटोप केला. हे पत्र जुन्या पॉइंटच्या डबीत घडी घालून ठेवतो. त्या डबीला आई हात लावत नाही. चोर घरातलाच होता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.