तिसऱ्या माणसाचं वजन

अप्पा, देवनागरी तुम्हाला अडखळत वाचावी लागायची. मी ती हवाई दलात हिंदीसाठी शिकलो. आपली मराठी घरात फक्त बोलायची होती. आता तंजावुरातल्या या घरात बोलायला कोणी नाही, म्हणून लिहितो.

त्या रजेत मी आलो तेव्हा गल्लीनं मला शूर ठरवून टाकलं होतं. समोरच्यांनी नव्या रंगीत टीव्हीशेजारी मला बसवलं आणि सगळी गोष्ट वदवून घेतली. माझ्या मित्राचं हेलिकॉप्टर बर्फात पडलं होतं. ढग खाली येत होते, तळावरून परत फिरण्याचा हुकूम होता, तरी मी माझं हेलिकॉप्टर उतरवलं आणि त्याला जिवंत आणलं. टाळ्या पडल्या. तुम्ही तेवढे उठून घरी गेलात. मागोमाग मी आलो, तर तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून अवरक्काईच्या शेंगा निवडताय. निवृत्त मुन्सफ, पण आवाज अजून कोर्टकचेरीतलाच.

"तुझ्यासंगे होता, त्या पोरास खाली उतर म्हणून कोण बोललं?"

"मीच."

तो माझा सहवैमानिक, आपल्याच मुलखातला, कावेरीकाठच्या खेड्यातला. आकाशात आम्ही दोघं तमिळ बोलायचो, त्यामुळे मी हट्टानं त्यालाच बरोबर न्यायचो. त्यानं बर्फात उतरून माझ्या जखमी मित्राला उचलून आत ठेवलं. तिघांना घेऊन त्या उंचीवरून यंत्र उठणार नव्हतं. लगेच परत येतो अशी खूण करून मी निघालो, आणि ढग मिटले. ते उघडेपर्यंत तो गारठून मेला होता.

"तिघांचं वजन उचलणार नाही, हे तुज ठाऊक होतं?"

"होतं. त्यालाही होतं, अप्पा."

"त्याची साक्ष कोण देणार?"

माझं डोकं फिरलं. चौकशीत मला निर्दोष ठरवलंय, ही तुमची कचेरी नव्हे, असं काहीबाही बोललो. मग न राहवून विचारलंच, मी चुकलो का? तुम्ही शेंगांवरची नजर काढली नाहीत. "एकाच पक्षाचं ऐकून निकाल देत नाही मी," म्हणालात. दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन एकटेच त्या पोराच्या गावच्या बसमध्ये बसलात. मला चल म्हणाला नाहीत, आणि मीही येतो म्हणालो नाही. संध्याकाळी परतलात, पाय धुतलेत, तांब्या उंच धरून घटाघटा पाणी प्यालात.

"त्याची आई काय म्हणाली?"

"वाचला त्यास लेकरं आहेत काय, म्हणून पुसलं तिनं. दोन आहेत म्हटलं. मग बरं, म्हणाली."

"म्हणजे तिनं माफ केलं?"

"ते तिचं. माझा निकाल वेगळा."

"काय तो?"

"राखून ठेवलाय."

पोंगलच्या आधीच तुम्ही गेलात. मित्र दर दिवाळीला फोन करतो, नातवंडांना बोलायला लावतो. मी हसून बोलतो, आणि फोन ठेवल्यावर घर फार मोठं वाटतं. इतकी वर्षं लोकांना सांगत आलो की अप्पांचा निकाल ऐकायला मिळाला नाही, हीच एक खंत. ते खोटं आहे. तुम्ही तो दिला नाहीत याचं मला बरंच वाटतं. कारण तुम्ही मला दोषी म्हटलं असतंत, मी ते मान खाली घालून मान्यही केलं असतं, आणि तरी उद्या तो मित्र पुन्हा बर्फात पडलेला दिसला तर मी खालीच जाईन. शेजारी बसलेल्या पोराला उतरवीनही, त्याला न विचारता.