बंदुकीची थंडी

आबा, तुमची बंदूक आज ओटीवर वर्तमानपत्रावर सुटी करून मांडली आहे, आणि ती सुटी केली कोणी म्हणाल, तर तुमच्या पणतीनं, माझ्या नातीनं! पोरगी खोपोलीच्या कारखान्यात मशिनी दुरुस्त करते, तिला बंदुकीचं काय मोठंसं? निवडणुकीपुरती पोलीस ठाण्यात जमा केलेली, ती कालच परत आणली. गंज मात्र आमच्याच आळसाचा. चापाखालची ती दांडी, जी ओढली की रिकामं काडतूस बाहेर उडतं, ती जागची हलेना. तुमच्यामागं परवाना माझ्या लेकाच्या नावावर झाला, म्हणून आत काडतूस नाही ना ते त्यानं दोनदा बघितलं आणि मग खुर्ची टाकून नुसते हुकूम सोडत बसला. पोर म्हणाली, "पप्पा, हात तरी लावा." तर हा म्हणतो, "परवाना माझा हाय, हात तुझे हायत." मी पदर तोंडाला लावून हसले. तुम्ही असतात तर दोघांनाही हाकललं असतंत.

रॉकेल झालं, गजाला चिंधी बांधून नळी पुसून झाली, चिंधी माझ्या जुन्या पातळाची, हिरवं होतं ते, जाऊ दे. पोरीनं तेल मागितलं तशी लेकाला गोष्ट आठवली. "या बंदुकीला पूर्वी थंडी वाजायची. लोधिवलीच्या सुभेदारानं आबांच्या गळ्यात मारलेली, फसवून. मग देवीला नवस केला तेव्हा बरी झाली." पोरीनं मान वर केली. "लोखंडाला कसली आलीय थंडी?" आणि माझ्याकडे बघून म्हणते, "आजी, तू का गं तेल हातात धरून बसलीस?"

आता तुम्हाला सांगते. आई गेली त्या साली मी चौथीतून शाळा सोडली आणि चूल धरली. तुम्ही घरात बोलायचे बंद झाला होतात. शेतावरून यायचं, जेवायचं, भिंतीकडं तोंड करून निजायचं. त्यातच सुभेदारकाकांकडून ही जुनी बंदूक घेतलीत, डुकरांपासून वाल राखायला. दसरा आला. आई होती तर कोयत्या-नांगराची पूजा तिनंच केली असती, तशी मी केली. बंदुकीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि आईची खोबरेलाची बाटली आणून दांडीच्या फटीत चांगलं हात सैल सोडून ओतलं. आईच्या हातचं वाटावं म्हणून.

मग थंडी पडली. पहाटे डुकरं वालात शिरली, तुम्ही धावलात, आणि दांडी काही केल्या हलेना. अर्धा वाल गेला. तुम्ही तडक लोधिवलीला, मी मागं मागं. काका म्हणाले, "मी इतकी वर्षं वापरली, एकदा अडली नाय." तुम्ही म्हणालात, "विकताना सगळ्यांचीच गाय दुधाळ असते." तो चहा तसाच राहिला कपात. त्या ओटीवर तुम्ही पुन्हा पाय ठेवला नाहीत.

पण चुलीच्या उबेला ठेवली की बंदूक मोकळी होते, हे तुम्हीच शोधून काढलंत. मग काडतूस रात्रीच काढून ठेवायचं आणि रोज पहाटे बंदूक मांडीवर घेऊन तुम्ही चुलीपाशी बसायला लागलात. मी भाकरी थापायची आणि तुम्ही बोलायचात. आईनं पहिल्यांदा मुटके केले ते कसे दगड झाले होते, तुम्ही लहानपणी नदीत कसे वाहून चालला होतात. "हिला थंडी वाजते गं, तुझ्या आईसारखीच हाय," असं म्हणून हसलात, वर्षात पहिल्यांदा. माझी भाकरी करपली.

आणि त्याच हिवाळ्यात वेणी घालायला बाटली घेतली, तर तेल आत पांढरं घट्ट. बाटली चुलीपाशी ठेवली, पातळ झालं. बस, मला सगळं कळलं.

मी बोलले नाही, आबा. पुढच्या दसऱ्याला पुन्हा खोबरेलच घातलं, जाणूनबुजून. त्याच्या पुढच्यालाही. वालाचं नुकसान नको म्हणून थंडीभर पहाटेच उठून बांधावर डबा बडवत फिरायचे, आणि मग येऊन चूल पेटवायचे. माझं लग्न ठरलं त्या दसऱ्याला मात्र शिवणयंत्राचं तेल घातलं. मी गेल्यावर तुम्हाला चूल कोण पेटवून देणार होतं? त्या थंडीत बंदूक अडली नाही. तुम्ही देवीला नवसाचा नारळ फोडलात आणि गावभर सांगितलंत.

आज हे सगळं मी दोघांना सांगितलं. लेक म्हणाला, "म्हणजे सुभेदार खरा होता?" म्हटलं, "खरा होता, आणि उद्या मला लोधिवलीला ने, त्यांच्या सुनेला तसं सांगायचं हाय." पोर इतकी हसली की स्क्रू हरवला. सापडला, माझ्याच पातळाच्या घडीत. दांडी आता लोण्यासारखी चालते.

हा कागद कुठं पाठवणार? पत्त्याचा माणूस नाही. पण एक अजून राहिलं. सुभेदारकाका गेले तेव्हा तुम्ही घरीच बसलात, दिवसभर जेवला नाहीत. मी तेव्हा माहेरी आलेली होते, ताट घेऊन तुमच्या समोर उभी होते. तेव्हा सांगता आलं असतं. पण तुम्ही म्हणालात, "बस गं जरा इथं," आणि मी बसले.